आवाज गेलेला नाही : तोंडाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर पुन्हा बोलण्यासाठी

मागच्या पावसाळ्यात वस्तीतल्या विहारात आम्ही रक्तदाब तपासणीचे शिबिर घेतले. एक ताई सुनेबरोबर आल्या. वय पन्नाशीच्या आतले. पदर डोक्यावरून ओढून अर्ध्या तोंडावर घेतलेला. आम्ही विचारले, "ताई, नाव काय तुमचं?" उत्तर सुनेने दिले, "त्यांना बोलता येत नाही. जिभेचं ऑपरेशन झालंय." आम्ही पुन्हा ताईंकडेच बघून विचारले. त्यांनी आवंढा गिळला आणि बोलल्या. पहिल्यांदा कळले नाही. दुसऱ्यांदा अर्धे कळले. तिसऱ्यांदा पूर्ण नाव कळले. सून बघतच राहिली. ऑपरेशनला आठ महिने झाले होते आणि एवढ्या काळात ताईंना कोणी दुसऱ्यांदा विचारलेच नव्हते.

ताई भाजीची हातगाडी लावत. लहानपणापासून मिश्री लावायची सवय. जिभेच्या कडेला फोड आला, तो तीन महिने बरा झाला नाही, मग तपासणी, मग ऑपरेशन. डाव्या बाजूची अर्धी जीभ काढली आणि तिथे हाताच्या मनगटाजवळची कातडी लावली. पुढे सहा आठवडे लाईट दिली, म्हणजे किरणोपचार झाले. घरी आल्यावर ताई दिवसातून अनेकदा एकच शब्द बोलत. घरच्यांना तो "आई, आई" असा ऐकू येई. त्यांना वाटे दुखते आहे, म्हणून ते गोळी देत. आम्ही अर्धा तास शेजारी बसलो तेव्हा कळले की त्या "गाडी" म्हणत होत्या. हातगाडी विकायची बोलणी घरात चालू होती, आणि त्या सांगत होत्या की विकू नका.

त्या घरातले लोक वाईट नव्हते. सुनेने सहा महिने पातळ करून भरवले, मुलाने कर्ज काढले. पण ऑपरेशननंतर बोलणे परत कसे आणायचे, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. यात आमचीही चूक आहे. आम्ही वॉर्डात नर्स म्हणून काम करत होतो तेव्हा तोंडाच्या ऑपरेशनच्या प्रत्येक पेशंटला पाटी-पेन्सिल देत असू आणि सांगत असू, "बोलू नका, लिहा." कितीतरी बाया पाटी छातीशी धरून नुसत्या बघत बसत. त्यांना लिहिता येत नव्हते, हे विचारायचे आम्हाला सुचले नाही. आणि सुट्टी देताना "आता बोलायला लागा" हे सांगायचेही राहून जात असे. कितीतरी माणसांनी आमचे "बोलू नका" जन्मभरासाठी धरून ठेवले. ते राहिलेले सांगणे या महिन्याच्या पानावर सांगत आहोत.

आवाज वेगळा, उच्चार वेगळा

आवाज तयार होतो गळ्यातल्या स्वरयंत्रात. फुप्फुसातून हवा येते, स्वरयंत्रातल्या पडद्यांना कंप सुटतो आणि आवाज निघतो. जीभ, ओठ, टाळू, दात आणि जबडा त्या आवाजाला अडवतात, वळवतात, सोडतात. तेव्हा त्याचे अक्षर होते.

जीभ, गाल, हिरडी किंवा टाळूच्या ऑपरेशनमध्ये स्वरयंत्राला सहसा हात लावलेला नसतो. म्हणजे आवाज शाबूत असतो, अक्षर घडवणारी जागा बदललेली असते. काही पेशंटच्या मानेत श्वासासाठी नळी घातलेली असते. हवा त्या नळीतूनच बाहेर जाते, म्हणून नळी आहे तोवर आवाज फुटत नाही. नळी काढून भोक बुजले की आवाज परत येतो. पेशंटला आणि घरच्यांना ही गोष्ट पहिल्याच दिवशी सांगितली पाहिजे, म्हणजे अर्धी भीती तिथेच जाते.

आपली वर्णमाला हाच तोंडाचा नकाशा

शाळेत पाठ केलेली क, ख, ग, घ ही ओळ उगीच तशी लावलेली नाही. ती तोंडाच्या मागून पुढे येत जाते. आत्ताच करून बघा.

क, ख, ग, घ म्हणताना जिभेचा मागचा भाग वर उचलून टाळूच्या मागच्या भागाला लागतो. च, छ, ज, झ म्हणताना जीभ पुढच्या टाळूला टेकते. ट, ठ, ड, ढ, ण आणि ळ यांना जिभेचे टोक वर वळवावे लागते. त, थ, द, ध, न, ल यांना टोक वरच्या दातांच्या मागे लागते. प, फ, ब, भ, म यांना दोन्ही ओठ मिटावे लागतात, जिभेचे काम नाही.

आता ऑपरेशन कुठे झाले त्यावरून कोणती अक्षरे अवघड जाणार हे घरीही ओळखता येते.

जिभेचा पुढचा किंवा कडेचा भाग काढला असेल तर ट, ड, त, द, ल, र, ळ, स ही अक्षरे पुसट होतात. प, ब, म मात्र स्पष्ट येतात. म्हणून "बाबा", "मामा", "पापा" हे शब्द लवकर कळतात, "ताट" आणि "लाटणे" कळत नाहीत. काढलेल्या भागाच्या जागी मनगटाची, मांडीची किंवा छातीची कातडी-मांस लावलेले असते. तो तुकडा जागा भरतो, पण जिभेसारखा स्वतःहून हलत नाही. काम करायचे आहे ते उरलेल्या जिभेला. सराव जास्त लागतो तो त्यामुळेच.

आपल्याकडे तंबाखू आणि गुटखा गालात, खालच्या हिरडीच्या खाचेत दाबून ठेवतात. त्यामुळे गालाचा आणि हिरडीचा कर्करोग फार दिसतो. त्यात बऱ्याचदा खालच्या जबड्याचा तुकडाही काढावा लागतो. मग उरलेला जबडा एका बाजूला सरकतो, खालचा ओठ बधिर होतो, लाळ गळते आणि तोंड नीट उघडत नाही. अशा माणसाचे प, ब, म, व यांतून हवा निसटते.

वरचा जबडा किंवा टाळू काढला असेल तर तोंड आणि नाक यांच्यामध्ये भोक राहते. हवा नाकातून जाते, म्हणून "ब" चा "म" होतो आणि "द" चा "न". पाणी प्यायले तरी नाकातून येते. यावर दातांचे डॉक्टर कवळीसारखी प्लेट करून देतात. ती भोक बंद करते आणि ती घातल्याबरोबर बोलण्यात फरक पडतो. प्रत्येक जेवणानंतर ती काढून धुवायची. सैल झाली, टोचू लागली तर घरी घासत बसू नका, डॉक्टरांकडून बसवून घ्या.

जिभेचा मोठा भाग गेला असेल आणि उरलेली जीभ टाळूपर्यंत पोचत नसेल, तर टाळूच थोडा खाली आणणारी प्लेटही करता येते. "आणखी काही होऊ शकतं का?" असे डॉक्टरांना जरूर विचारा.

सुरुवात कधी करायची?

जखम भरल्याशिवाय व्यायाम करायचे नाहीत. साधारण दोन-तीन आठवड्यांनी परवानगी मिळते, पण हाड बसवले असेल किंवा टाके सुटले असतील तर जास्त थांबावे लागते. म्हणून प्रत्येक तपासणीत सर्जनला एकच प्रश्न विचारा, "आजपासून कोणता व्यायाम करू?" आणि शक्य असेल तिथे स्पीच थेरपिस्टची, म्हणजे वाचा-उपचार करणाऱ्या तज्ज्ञाची चिठ्ठी मागा.

लाईट चालू असताना तोंड सोलवटते, बोलवत नाही. तेव्हा बोलण्याचा सराव कमी करा, पण तोंड उघडण्याचा व्यायाम डॉक्टरांना विचारून चालू ठेवा. लाईटमुळे जबड्याचे स्नायू आखडतात आणि हे आखडणे लाईट संपल्यावरही महिनोन् महिने वाढत राहते. एकदा तोंड बंद झाले की ते उघडणे फार कठीण जाते.

सगळ्यात जास्त सुधारणा पहिल्या वर्षात होते. पण वर्ष उलटले म्हणून दार बंद झाले असे नाही. ताईंनी सराव आठ महिन्यांनी सुरू केला आणि तरीही फरक पडला.

घरचा सराव

आरसा समोर ठेवा. एका वेळी दहा मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा पुरे. दुखू लागले, रक्त आले तर थांबा.

१. तोंड उघडणे. स्वतःची तीन बोटे उभी धरून पुढच्या दातांमध्ये जातात का बघा. जात नसतील तर आईस्क्रीमच्या लाकडी काड्या स्वच्छ धुऊन, एकावर एक रचून दातांमध्ये धरा. सहज मावतील तेवढ्या आधी धरा, मग मध्ये एक काडी सरकवा. अर्धा मिनिट धरा, सोडा, पुन्हा धरा. किती काड्या मावल्या ते दर रविवारी कॅलेंडरवर लिहून ठेवा. दात हलत असतील किंवा नसतील तर हा व्यायाम आधी विचारून करा.

२. जबडा मध्ये आणणे. जबडा एका बाजूला ओढला जात असेल तर आरशात बघत हाताने हलकेच मध्यावर आणा आणि सरळ रेषेत तोंड उघडा-मिटा. दहा वेळा.

३. जीभ. बाहेर काढा, आत घ्या. डाव्या कोपऱ्याला लावा, उजव्या कोपऱ्याला लावा. वरच्या दातांच्या मागे टेकवा. जिभेचा मागचा भाग वर दाबा, जसा "क" म्हणण्याआधी दाबतो. प्रत्येक ठिकाणी पाच आकडे मोजा. चमचा उलटा धरून जिभेने त्याला ढकला. जीभ तिथवर पोचली नाही तरी चालेल, पोचवण्याचा जोर लावणे हाच व्यायाम.

४. ओठ. "ऊ" म्हणताना ओठ पुढे, "ई" म्हणताना मागे, दहा वेळा. गाल फुगवून हवा धरा. ओठांत चमचा पकडून पाचपर्यंत मोजा.

५. अक्षरे. आधी स्वर म्हणा, मोठ्याने आणि लांब: आ, ई, ऊ, ए, ओ. मग सोपे अक्षर घेऊन त्याची बाराखडी: प, पा, पि, पी. नंतर अवघड अक्षर. "त" येत नसेल तर तो अगदी तसाच यायला हवा हा हट्ट सोडा. जीभ दातांपर्यंत जात नसेल तर खालचा ओठ वरच्या दातांना लावून बघा, जिभेचा दुसरा भाग टाळूला लावून बघा. ऐकणाऱ्याला "त" सारखे वाटले की काम झाले.

६. शब्द आणि वाक्ये. जे रोज लागते तेच घ्या: पाणी, भात, औषध, मुलांची नावे, बसस्टॉपचे नाव. मग तीन शब्दांचे वाक्य. वाचता येत असेल तर पेपरातल्या चार ओळी मोठ्याने वाचा. वाचता येत नसेल तर पाठ असलेले गाणे, ओवी, बाराखडी म्हणा.

बोलताना चार गोष्टी लक्षात ठेवा. आधी लाळ गिळा, मग बोला. वेग निम्मा करा. लांब वाक्य तोडून दोन-तीन तुकड्यांत म्हणा. आणि कशाबद्दल बोलायचे आहे तो शब्द आधी म्हणा. "गाडी" हा शब्द एकदा कळला की पुढचे "विकू नका" कळायला सोपे जाते.

सुधारणा मोजायची कशी? दहा शब्द ठरवा. महिन्यातून एकदा फोनमध्ये ते रेकॉर्ड करा आणि ते शब्द माहीत नसलेल्या शेजाऱ्याला ऐकवा. दहापैकी किती कळले ते लिहा. रोज ऐकणाऱ्याला फरक जाणवत नाही, आकडा मात्र फरक दाखवतो. ताईंचे पहिल्या महिन्यात तीन शब्द कळले होते, सहाव्या महिन्यात आठ.

कोरडे तोंड. लाईटनंतर लाळ कमी होते आणि कोरड्या तोंडाने शब्द चिकटतात. पाण्याची बाटली कायम जवळ ठेवा, घोट-घोट घ्या. एक लिटर कोमट पाण्यात एक चमचा मीठ आणि एक चमचा खाण्याचा सोडा घालून दिवसातून चार-सहा वेळा चुळा भरा, पाणी गिळू नका. छातीचे मांस तोंडात लावलेल्या पुरुषांना कधीकधी तोंडात केस उगवतात. त्यात लाजण्यासारखे किंवा घाबरण्यासारखे काही नाही, पण घरी कात्री लावू नका, डॉक्टरांना दाखवा.

ऐकणाऱ्याचे काम

बोलणे हे दोन माणसांचे काम आहे. पेशंट आपला अर्धा भाग घाम गाळून करत असतो. उरलेला अर्धा घरच्यांचा.

टीव्ही बंद करा, समोर बसा, तोंडाकडे बघा. ओठांची हालचाल दिसली की कितीतरी जास्त कळते, म्हणून घरात पदर किंवा मास्क बाजूला ठेवायला सांगा. त्यांचे वाक्य तुम्ही पूर्ण करू नका. कळले नसेल तर "हो हो" म्हणून मान डोलावू नका. पेशंटला ते लगेच समजते आणि तो पुढच्या वेळी बोलायचे टाळतो. जेवढे कळले तेवढे म्हणून दाखवा आणि उरलेले विचारा, "गाडीचं काहीतरी म्हणालात. काय करायचं गाडीचं?" तरीही अडले तर हो-नाहीचे प्रश्न विचारा. मोठ्याने ओरडून बोलू नका, त्यांचे कान बिघडलेले नाहीत.

आणि सगळ्यात महत्त्वाचे: डॉक्टर, दुकानदार, पाहुणे यांनी पेशंटला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर तुम्ही देऊ नका. वेळ लागू द्या.

लिहिता येत नसेल तर पाटीचा हट्ट नको. पाणी, संडास, दुखणे, औषध, झोप अशी चित्रे एका पुठ्ठ्यावर काढा. घरातले शाळकरी पोर अर्ध्या तासात करून देईल.

उंबरठ्याबाहेर

उच्चार सुधारले तरी बरेच जण घराबाहेर पडत नाहीत. चेहरा बदललेला, ओठ ओढलेला, लाळ गळेल ही धास्ती. त्यात आपल्या वस्त्यांमध्ये आणखी एक अपमान वाट्याला येतो. बोलणे जड झालेल्या माणसाला लोक दारू प्यायलेला समजतात. रिक्षावाला घेत नाही, बसमध्ये कोणी काहीबाही बोलते. ज्याने आयुष्यात दारूला हात लावला नाही अशा एका काकांनी या एका कारणाने लेकीच्या घरी जाणे सोडले होते.

त्यांना आम्ही एक कार्ड लिहून दिले. तुम्हीही वहीच्या पानावर लिहून खिशात ठेवा: "माझ्या तोंडाचे ऑपरेशन झाले आहे. मला ऐकू येते आणि समजते. मी हळू बोलतो, कृपया ऐकून घ्या." मागे घरच्यांचा फोन नंबर. काकांना ते दोनदाच दाखवावे लागले. खिशात आहे एवढ्यानेच धीर येतो, असे ते सांगतात.

बाहेर पडण्याच्या पायऱ्या करा. पहिल्या आठवड्यात घरातल्या एका माणसाशी रोज दहा मिनिटे. मग शेजारी. मग किराणा दुकानात जाऊन एकच वस्तू मागणे. मग फोन, कारण फोनवर ओठ दिसत नाहीत आणि ते सर्वांत अवघड असते. एखाद्या पायरीवर फजिती झाली तर एक पायरी खाली या, पुन्हा चढा. सगळ्यांबरोबर म्हणायच्या गोष्टी फार उपयोगी पडतात. विहारात वंदना घेताना एकट्याचा आवाज वेगळा ऐकू येत नाही, बाकीच्यांच्या लयीवर आपला आवाज चालतो. ताई घराबाहेर पहिल्यांदा मोकळ्या आवाजात बोलल्या त्या तिथेच. त्यांचा "भीम" लवकर स्पष्ट झाला कारण तो ओठांचा शब्द. "जय" ला जीभ लागते, त्याला आणखी दोन महिने लागले. तोवर लोकांनी अर्ध्या "जय भीम" ला पूर्ण "जय भीम" ने उत्तर दिले.

बोलणे पूर्वीसारखे झाले नाही म्हणून माणसाचे म्हणणे संपत नाही. शरद पवार यांच्यावर २००४ साली तोंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. राजकारण बाजूला ठेवा. त्यांचे उच्चार बदलले हे सगळा महाराष्ट्र ऐकतो, आणि तरीही ऐकतो. ऑक्टोबर २०१९ मध्ये साताऱ्यात भर पावसात त्यांनी केलेले भाषण आपण टीव्हीवर पाहिले. त्याच महाराष्ट्राने फेब्रुवारी २०१५ मध्ये आर. आर. पाटील यांना याच रोगात गमावले. दोघांनाही तंबाखूची सवय होती. पवारांनी आपल्या सवयीची खंत जाहीरपणे बोलून दाखवली आहे.

मन फार खचले, झोप उडाली, जगू नये असे वाटू लागले, तर ते लपवू नका. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, मराठीतही बोलता येते. पेशंटला बोलणे जड जात असेल तर घरच्यांनी लावून द्यावा आणि शेजारी बसावे.

याकडे दुर्लक्ष नको

• सुधारत चाललेले बोलणे पुन्हा जड होऊ लागले, तोंडात नवा फोड किंवा चट्टा दोन-तीन आठवड्यांत बरा झाला नाही, मानेत नवी गाठ लागली, कान दुखू लागला, तर पुढच्या तारखेची वाट न बघता रुग्णालयात जा. रोग उलटण्याचा धोका पहिल्या दोन वर्षांत जास्त असतो. बरे वाटते म्हणून तपासणीची तारीख चुकवू नका.

• पाणी पिताना ठसका लागतो, जेवणानंतर आवाज ओला-घरघरीत होतो, वारंवार ताप येतो, तर अन्न श्वासनलिकेत जात असण्याची शक्यता आहे. लगेच दाखवा.

• लाईट घेतलेल्या माणसाने दात काढण्याआधी, मग दहा वर्षे झाली असली तरी, डॉक्टरांना लाईटबद्दल सांगितलेच पाहिजे. नाहीतर जबड्याचे हाड सडू शकते.

• तंबाखू, मिश्री, गुटखा आणि नुसती सुपारीसुद्धा पूर्ण बंद. सुपारीनेही कर्करोग होतो, तंबाखू नसला तरी. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, पण पुडी टपरीवर मिळते हे आपल्याला ठाऊक आहे. सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ हा मोफत नंबर आहे. आणि एकाच्या ऑपरेशननंतर घरातल्या बाकीच्यांनीही आपापले तोंड उजेडात तपासून घ्यावे. पांढरा किंवा लाल चट्टा, न भरणारी जखम, तोंड कमी उघडणे यांपैकी काहीही दिसले तर दाखवा.

खर्च आणि कागदपत्रे

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अंगीकृत रुग्णालयांत कर्करोगाची शस्त्रक्रिया, केमो आणि किरणोपचार होतात. रुग्णालयात आरोग्यमित्राच्या टेबलावर रेशनकार्ड आणि आधार घेऊन जा. रेल्वेने उपचाराला जाताना कर्करोगाच्या पेशंटला आणि सोबतच्या माणसाला तिकिटात सवलत मिळते, तिचा फॉर्म रुग्णालयातून भरून घ्यायचा असतो.

वाचा-उपचारासाठी मुंबईत परळचे टाटा रुग्णालय आणि वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. इतर ठिकाणी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या कान-नाक-घसा विभागात चौकशी करा. तज्ज्ञ लांब असेल तर एकदा जाऊन व्यायाम नीट शिकून या, पुढचा सराव घरी करता येतो.

बोलण्यात कायमचे मोठे नुकसान झाले असेल तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाचा व भाषा दिव्यांगत्व हा प्रकार आहे. जिल्हा रुग्णालयात तपासणी होऊन टक्केवारी ठरते. बहुतेक सवलतींसाठी ४० टक्के किंवा जास्त लागते. डिस्चार्ज कार्ड आणि ऑपरेशनचे कागद प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवा, पावसात ते भिजून गेल्याच्या तक्रारी आम्ही दरवर्षी ऐकतो.

ताईंची गाडी

गाडी विकली नाही. ताई संध्याकाळी तीन तास ती लावतात, सून सोबत असते पण भाव ताईच सांगतात. "पाच" आणि "दहा" लोकांना कळते. "वीस" आणि "तीस" यांत अजून घोटाळा होतो, तेव्हा त्या बोटे दाखवतात. गाडीला आता एक पाटी टांगलेली आहे, तिच्यावर नातू रोज भाव लिहून देतो. गेल्या महिन्यात आम्ही मेथी घ्यायला थांबलो तर ताईंनी आमच्याशी भावावरून चांगलाच वाद घातला. प्रत्येक शब्द कळला असे नाही, पण दोन रुपये काही सोडले नाहीत.

तुमच्या गल्लीत असे कोणी गप्प झालेले असेल तर या आठवड्यात जाऊन शेजारी बसा. नाव त्यांनाच विचारा. पहिल्यांदा कळले नाही तर पुन्हा विचारा.